चेंज आला, पण वादळ का नाही आलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून मेलबर्नला, पॉइंट कुक भागात राहायला येऊन वर्ष झालेल्या एका ताईंनी विचारलंय: जानेवारीतल्या एका दुपारी ४१ अंश होते, वारा फिरला आणि अर्ध्या तासात पारा २२ वर आला, पण पावसाचा एक थेंब नाही. त्याआधी नोव्हेंबरमध्ये मात्र दिवस जेमतेम ३३ अंशांचा होता, तसाच वारा फिरला आणि गारा, विजा, अंगणातलं ट्रॅम्पोलिन शेजाऱ्यांच्या कुंपणावर. दोन्ही दिवशी बातम्यांत 'कोल्ड फ्रंट' हेच कारण सांगितलं होतं. मग फ्रंट आला की वादळ येतं की नाही? फोनवर 'चेंज'ची, म्हणजे वारा फिरून गारवा येण्याची, वेळ दाखवतात ती कितपत धरून चालायची? हा म्हणजे आपल्याकडचा वळीवच का? आणि जाता जाता: मुलाला इथल्या वसंतात खूप शिंका येतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

मी मेलबर्नमध्ये बरीच वर्षं विमानतळांसाठी हवामानाचे अंदाज देण्याचं काम केलं आहे. उन्हाळ्यात त्या कामात सगळ्यात जास्त डोकं खर्च व्हायचं ते याच 'चेंज'वर. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नातली खरी गाठ ही आहे की फ्रंट आणि वादळ या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत. बातम्यांमुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण फ्रंटचं काम हवा वर उचलण्याचं. त्या उचललेल्या हवेतून ढग होणार, गारा पडणार की नुसती धूळ उडणार, हे त्या हवेवर ठरतं. म्हणून अंदाज बांधताना फ्रंट किती जोराचा आहे हे बघतोच, पण त्याच्यापुढे कुठली हवा पडून आहे याच्यावर जास्त वेळ घालवतो.

आधी इथला भूगोल डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला उत्तरेचा वारा म्हणजे थंडी. इथे बरोबर उलटं. व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याच्या, उत्तरेला ऑस्ट्रेलियाचा तापलेला, कोरडा अंतर्भाग, आणि दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत पसरलेला थंड दक्षिण महासागर. त्या महासागरावरून कमी दाबाचे पट्टे वर्षभर पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असतात. दक्षिण गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे असा पट्टा जवळ आला की त्याच्या पुढच्या बाजूने वाळवंटाची भट्टीसारखी हवा उत्तरेकडून आपल्यावर ओढली जाते, आणि मागच्या बाजूने समुद्राची थंड हवा नैर्ऋत्येकडून घुसते. या दोन हवांच्या मधली सीमा म्हणजे कोल्ड फ्रंट. इथे सगळे त्याला 'चेंज' म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

म्हणजे चेंजच्या आधीचा उकाडाही त्याच यंत्रणेचा भाग असतो. उत्तरेचा वारा सकाळपासून वाढत जातो, हवेचा दाब उतरत जातो, पारा चढत जातो. सीमा डोक्यावरून गेली की वारा उत्तर, वायव्य, पश्चिम असा फिरत नैर्ऋत्येला स्थिरावतो, दाब एकदम वर उडी मारतो, तापमान कोसळतं. बाराएक मिनिटांत दहा-पंधरा अंश उतरलेले मी अनेकदा बघितले आहेत.

थंड हवा जड असते, म्हणून ती गरम हवेच्या खाली पाचरीसारखी शिरते. ही पाचर फार चपटी असते. चढ साधारण पन्नासास एक ते शंभरास एक. म्हणजे सीमा तुमच्या घरावरून पुढे जाऊन शंभर किलोमीटर लांब पोचली, तरी तुमच्या डोक्यावर थंड हवेचा थर एक-दोन किलोमीटरच जाड असतो, त्याच्या वर अजून गरमच हवा. ही जड हवा खाली सपाट पसरून का जात नाही, तिरकी का टिकते, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यावर वाहणारी हवा वळवली जाते, आणि त्या वळण्याने हा उतार तोलून धरलेला असतो. पाचरीच्या टोकाशी मात्र चढ बराच उभा असतो, तिथे गरम हवा झपाट्याने वर ढकलली जाते. तुमच्या दोन्ही दिवसांत इथपर्यंतची गोष्ट एकच आहे. पुढे ती बदलते.

वर गेलेली हवा प्रसरण पावते आणि थंड होते, दर किलोमीटरला सुमारे १० अंश. थंड होत होत ती दवबिंदूच्या तापमानापर्यंत आली की बाष्पाचं पाणी होऊ लागतं, ढगाचा तळ तिथे. हवेत बाष्प जितकं जास्त, तितका दवबिंदू वर. तळ किती उंचीवर असेल याचा एक ढोबळ हिशेब आम्ही तोंडी करतो: जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५, उत्तर मीटरमध्ये. जानेवारीत ४१ अंशांच्या दिवशी उत्तरेचा वारा असेल तर दवबिंदू चार अंश असणं अगदी सहज आहे. ३७ गुणिले १२५, म्हणजे साडेचार हजार मीटरच्या वर ढगाचा तळ. पाचरीचं टोक हवेला काही शे मीटर, फार तर दोनेक किलोमीटर उचलणार. ती हवा ढग होण्याच्या उंचीपर्यंत पोचतच नाही. वारा फिरतो, पारा पडतो, आभाळ धुरकट आणि कोरडंच राहतं. तुमचा जानेवारीचा दिवस या जातीचा.

आता नोव्हेंबरचा दिवस घ्या. ३३ अंश, पण दवबिंदू १७. सोळा गुणिले १२५, दोन हजार मीटर. हे टोकाच्या आवाक्यात येतं. आणि एकदा बाष्पाचं पाणी व्हायला लागलं की दुसरं इंजिन सुरू होतं. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. ती त्याच हवेला मिळते, म्हणून ती आता दर किलोमीटरला दहा अंशांऐवजी पाच-सहाच अंश थंड होते, आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहते आणि कुणी न ढकलता वर जात राहते, दहा-बारा किलोमीटरपर्यंत. फ्रंटने फक्त सुरुवात करून दिली. पुढचं सगळं बळ त्या बाष्पाचं.

त्यामुळे तुम्हाला सकाळी एकच आकडा बघायचा असेल तर तापमानाऐवजी दवबिंदू बघा. इथल्या हवामान खात्याच्या, म्हणजे ब्यूरोच्या, निरीक्षणांच्या पानावर प्रत्येक केंद्राचा तो दिलेला असतो. चेंज यायचा आहे आणि दवबिंदू एक आकडी आहे, तर धूळ आणि वारा. पंधराच्या पुढे आहे, तर कपडे आत घ्या, गाडी छपराखाली लावा. मधल्या आकड्यांवर मात्र हे नुसतं सांगता येत नाही. वर मध्येच गरम हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो, तो फुटतो की नाही, वर किती उंचीपर्यंत हवा थंड आहे, उंचीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा किती बदलते, या सगळ्यावर ते अवलंबून असतं. त्यासाठी फुग्याला उपकरण बांधून वर सोडतात, त्याची मोजमापं लागतात. सकाळी मधल्या उंचीवर छोट्या बुरुजांच्या ओळीसारखे ढग दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे एवढं नक्की समजायचं. ते सकाळीच दिसले की मी दुपारच्या पाळीतल्या सहकाऱ्याला आवर्जून सांगायचे.

कोरडा दिवस म्हणजे सौम्य दिवस असा अर्थ कृपा करून घेऊ नका. ८ फेब्रुवारी १९८३ ला मेलबर्नमध्ये ४३.२ अंश होते आणि दुष्काळाने व्हिक्टोरियाच्या वायव्येकडचा मॅली भाग भुसभुशीत झालेला होता. कोरडा, जोरदार फ्रंट आला आणि त्या भागातली शेतांवरची माती उचलून दुपारी तीनच्या सुमारास शहरावर घेऊन आला. भर दुपारी अंधार झाला. कोरड्या हवेतला आणखी एक प्रकार म्हणजे साडेचार हजार मीटरवर कसाबसा ढग झाला, त्यातून पाऊसही पडला, पण तो वाटेतच सुकून गेला. सुकताना त्याने हवा इतकी थंड केली की ती दगडासारखी खाली आली आणि जमिनीवर चारी बाजूंना फुटली. पाऊस शून्य, वारा ताशी शंभर किलोमीटर, आणि विजा मात्र कोरड्या गवतावर.

दोन्ही टोकं एकाच दिवशी बघायची असतील तर १३ फेब्रुवारी २०२४ आठवा, तुम्ही तेव्हा इथे नव्हतात. राज्याच्या पश्चिमेला विमेरा भागात आगीचा धोका सर्वांत वरच्या, 'कॅटॅस्ट्रॉफिक' पायरीवर होता, आणि ग्रॅम्पियन्स डोंगराजवळच्या पोमोनल गावात घरं जळून गेली. त्याच फ्रंटच्या पुढे, पूर्वेकडे, वादळांची रांग तयार झाली. तिच्यातून खाली कोसळलेल्या वाऱ्याने जिलाँगच्या उत्तरेला अनाकीजवळ वीजवाहिनीचे सहा मोठे मनोरे वाकवून जमिनीवर आणले. पाच लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली. फ्रंट एकच, दिवस एकच. पुढ्यातली हवा जागोजागी वेगळी होती.

आता वेळेचा प्रश्न.

चेंज आम्ही दुरून येताना बघतो, अगदी केंद्रागणिक. सकाळी माउंट गॅम्बियरला वारा फिरला का, मग पोर्टलंड, वॉर्नंबूल, केप ऑटवे, एअरीज इनलेट, अ‍ॅव्हलॉन, आणि मग तुमच्या शेजारचं लॅव्हर्टन. दर केंद्रावर तीन आकडे एकत्र हलले पाहिजेत: वाऱ्याची दिशा, दवबिंदू आणि दाब. एकटं तापमान उतरलं तर विश्वास ठेवायचा नाही, एखादा ढग सूर्यापुढे आला असेल. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी नॉर्वेत बर्गनला विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं उभारलं. त्या नोंदींवरून त्यांचा मुलगा याकोब याने १९१९ मध्ये, विशीच्या सुरुवातीलाच, या सीमारेषांची रचना मांडली. उपग्रह, रडार, संगणक सगळं आलं, तरी शेवटच्या तीन तासांत आम्ही त्याच पद्धतीने एकेक केंद्र बघत बसतो.

केप ऑटवे ते लॅव्हर्टन सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. चेंज ताशी ६० किलोमीटरने आला तर अडीच तास, ४० ने आला तर पावणेचार तास. म्हणजे ऑटवेला वारा फिरल्याचं डोळ्यांनी बघितल्यावरसुद्धा सव्वा तासाची अनिश्चितता उरते. त्यात तो समुद्रावरून भरभर येतो, पण ऑटवेच्या डोंगररांगेला आणि आतल्या तापलेल्या जमिनीला अडखळतो, त्यामुळे रेषा वाकडी होते. आदल्या रात्री फोनवर 'दुपारी ३ वाजता चेंज' दिसला तर मी तो दीड ते साडेचार असा वाचते. त्या दिवशी सकाळी दहाला दिसला तर अडीच ते साडेतीन.

विमानतळावर या तासाभराला फार किंमत असते. उत्तरेच्या वाऱ्यात मेलबर्न विमानतळावर विमानं ३४ क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उतरतात. वारा नैर्ऋत्येला गेला की १६ (दक्षिणेकडे तोंड) किंवा २७ (पश्चिमेकडे तोंड) वर जावं लागतं. रांगेत लागलेल्या प्रत्येक विमानाचा मार्ग बदलतो, काहींना घिरट्या घालत थांबावं लागतं. आणि आम्ही अंदाजात वादळासाठी 'टेम्पो' असा शब्द घातला की त्या वेळेत येणाऱ्या प्रत्येक विमानाला साठ मिनिटं थांबता येईल एवढं जादा इंधन घेऊन निघावं लागतं. 'इंटर' घातला तर तीस मिनिटांचं. इंधनाचं वजन वाढलं की माल किंवा माणसं कमी. म्हणून 'कदाचित वादळ होईल' असं गुळमुळीत लिहून चालत नाही, आणि खरंच होणार असेल तर न लिहूनही चालत नाही. दवबिंदू बारा-तेरा असलेल्या दिवशी तो एक शब्द घालायचा की नाही यावर पाळीतल्या सगळ्यांची चर्चा होत असे.

पॉइंट कुकला राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तुम्ही पोर्ट फिलिप उपसागराच्या अगदी काठावर आहात. बऱ्याच उकाड्याच्या दिवशी दुपारी उपसागरावरून गार वारा किनाऱ्यावर शिरतो, पाच-सहा अंश उतरतात, लोक म्हणतात चेंज आला. तो समुद्री वारा असतो, उंचीला काही शे मीटर. तासाभराने उत्तरेचा वारा जोर धरतो, त्याला ढकलून देतो आणि पुन्हा भाजायला लागतं. खरा चेंज मग संध्याकाळी येतो. तसंच वादळं फ्रंटच्या पुढे तयार झाली तर त्यांच्यातून बाहेर पडलेला थंड वारा खुद्द फ्रंटच्या आधी पन्नास-शंभर किलोमीटर धावून येतो. म्हणजे एका दुपारी तीनदा गार वाटू शकतं आणि फ्रंट एकच असतो. दाब वर चढला आणि चढतच राहिला, तर आलेला चेंज खरा समजायचा. शिवाय नकाशावर जिथे फ्रंटची निळी दातेरी रेषा काढलेली असते, त्याच्या कित्येक तास आधी कमी दाबाची एक घळ येऊन वाराबदल तिथेच होतो, असंही इथे उन्हाळ्यात वरचेवर घडतं. त्यामुळे टीव्हीवरचा नकाशा बघून वेळ ठरवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण चेंजबद्दल लिहायचं आणि आगीबद्दल लिहायचं नाही हे मला जमणार नाही. उन्हात होरपळलेला प्रत्येक माणूस चेंजची वाट बघत असतो, आणि आगीत सगळ्यात घातक वेळ तीच असते. वायव्येच्या वाऱ्यात लागलेली आग आग्नेयेकडे धावते, त्यामुळे जळणारा भाग लांबट, चिंचोळ्या पट्ट्यासारखा होतो. पुढचं तोंड काही किलोमीटर रुंद, पण दोन्ही कुशी पंचवीस-तीस किलोमीटर लांब. वारा एकदम नैर्ऋत्येचा झाला की पट्ट्याची अख्खी ईशान्येकडची कूस हेच आगीचं नवं तोंड बनतं. दोन मिनिटांपूर्वी ज्या बाजूला उभं राहणं ठीक होतं, तिथेच ती तीस किलोमीटरची भिंत चालून येते. तापमान उतरलेलं असतं, माणसाला हायसं वाटत असतं, आणि वारा मात्र आधीपेक्षा जोराचा असतो.

७ फेब्रुवारी २००९ ला, ज्याला इथे 'ब्लॅक सॅटर्डे' म्हणतात, मेलबर्नमध्ये ४६.४ अंश झाले. चेंज संध्याकाळी आला, कोरडा. त्याच्यानंतर मरिंडिंडीच्या आगीची दिशा फिरली आणि ती मेरिसव्हिल गावावर गेली. त्या दिवसाच्या आगींत एकूण १७३ माणसं गेली. फेब्रुवारी १९८३ च्या 'अ‍ॅश वेन्सडे'ला अप्पर बीकन्सफील्डजवळ बारा स्वयंसेवक अग्निशामक वाराबदलातच सापडले. डिसेंबर १९९८ मध्ये लिंटनला पाच. त्या घटनांनंतर इथल्या अंदाजांत वाराबदलाच्या वेळेला जे स्थान मिळालं ते त्यांच्या किमतीवर मिळालेलं आहे. तेव्हा उन्हाळ्यात तुम्ही डँडेनाँगच्या डोंगरात, ग्रेट ओशन रोडला किंवा शेतावर फिरायला जाणार असाल आणि त्या दिवशी आगीवर पूर्ण बंदी जाहीर असेल, तर 'दुपारी चेंज येणार आहे, मग बरं वाटेल' असा विचार करू नका. बेत पुढे ढकला. आपत्तीच्या सूचना देणारं राज्याचं व्हिकइमर्जन्सी अ‍ॅप फोनवर ठेवा.

फ्रंट गेल्यानंतरचं हवामान त्यामानाने साधं. मागची हवा समुद्रावरची, खालून थोडी दमट आणि वरून थंड, म्हणून उनाड सरी येत-जात राहतात. हिवाळ्यात एकामागून एक फ्रंट येतात, तेव्हा हीच हवा बारीक गारा आणते आणि माउंट मॅसिडनसारख्या कमी उंचीच्या डोंगरावरही बर्फ टाकते. हिवाळ्यातल्या फ्रंटमध्ये तापमानाची उडी छोटी असते, पण पाऊस जास्त खात्रीचा, कारण पुढची हवा मुळात तेवढी कोरडी नसते.

वळवाशी साम्य आहे का? बाहेरून आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी चारला आभाळ भरून येतं, धुळीचा लोट येतो, गार वारा सुटतो, टपोरे थेंब, कधी गारा. पण वळवातली ती गार हवा त्या ढगाने स्वतःच तयार केलेली असते. त्याचा पाऊस वाटेत सुकतो, हवा थंड करतो, ती खाली येऊन पसरते. तासाभरात ढग विरतो, ऊन पडतं, आणि पुन्हा दमट उकाडा. तिथे हवा बदललेलीच नसते. इथे फ्रंट गेल्यावर हजारो किलोमीटरची हवाच बदललेली असते, म्हणून रात्री आणि दुसऱ्या दिवशीही गारवा टिकतो. वळवाच्या ढगाला उचलणारा हात म्हणजे तापलेली जमीन, घाटमाथ्याचा चढ, किंवा दोन वाऱ्यांची गाठ.

इथल्यासारखा फ्रंट महाराष्ट्रापर्यंत पोचत नाही. सैबेरियाची थंड हवा हिमालय अडवतो, आणि हिवाळ्यात उत्तर भारतातून जाणारे पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, दक्षिणेला येईतो त्यांची सीमारेषा पुसट होते. त्यांच्या मागून उत्तरेचा कोरडा वारा खाली उतरतो, निफाडला पारा घसरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. तो त्या थंड हवेचा दूरचा भाग म्हणता येईल, पण वाऱ्याची दिशा दहा मिनिटांत फिरणं तिथे होत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची मराठवाडा-विदर्भातली गारपीट तुम्हाला आठवत असेल. तिथेही जमिनीलगत समुद्रांकडून आलेली दमट हवा आणि वरून पश्चिमेची कोरडी, थंड हवा अशी मांडणी होती. फ्रंट नसतानाही गारा झाल्या, कारण बाष्प आणि अस्थिरता दोन्ही हजर होती. म्हणजे पुन्हा तेच: उचलणारा कोण हे दुय्यम, उचलली गेलेली हवा कोणती हे मुख्य.

आता मुलाच्या शिंका. तुम्ही शेवटी सहज लिहिलंत, पण मला तुमच्या सबंध प्रश्नात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा व्हिक्टोरियात रायग्रास नावाच्या गवताच्या परागकणांचा हंगाम. पश्चिमेची आणि उत्तरेची कुरणं या गवताने भरलेली असतात, आणि चेंजच्या आधीचा उत्तरेचा वारा ते पराग सरळ शहरावर आणतो. अख्खा परागकण आकाराने मोठा, तो नाकात अडकतो, म्हणून शिंका. पण वादळाच्या दमट हवेत तो कण फुटतो आणि त्याचे अतिसूक्ष्म तुकडे होतात. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा ते तुकडे जमिनीलगत पसरवते, आणि ते थेट फुफ्फुसात खोल जातात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये ३५ अंशांच्या दिवशी संध्याकाळी वादळांची रांग शहरावरून गेली. काही तासांत हजारो माणसं श्वास लागून रुग्णालयांत धावली. दहा जण दगावले. रुग्णालयांत आलेल्यांतल्या अनेकांना पूर्वी दमा नव्हता, फक्त वसंतातली सर्दी आणि शिंका होत्या. आणि त्रास झालेल्यांत भारतीय उपखंडातून आणि आग्नेय आशियातून आलेल्या कुटुंबांतल्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. आपल्या लोकांना हे अजूनही फारसं माहीत नाही, म्हणून ठळकपणे लिहिते आहे.

तेव्हा मुलाच्या शिंकांकडे 'इथली हवा सोसत नाही' म्हणून दुर्लक्ष करू नका. सप्टेंबर उजाडायच्या आत जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, जा, 'याला हे-फीव्हर (परागकणांची अ‍ॅलर्जी) आहे, थंडरस्टॉर्म अस्थमाचा (वादळामुळे उठणाऱ्या दम्याचा) धोका किती' असं स्पष्ट विचारा, आणि श्वास लागला तर काय करायचं ते लिहून घ्या. निळा इन्हेलर लागला तर तो घरात कुठे आहे आणि कसा वापरायचा हे आजी-आजोबांनाही दाखवून ठेवा. ऑक्टोबरपासून राज्याचा थंडरस्टॉर्म अस्थमाचा अंदाज रोज येतो, कमी, मध्यम, जास्त अशा तीन पायऱ्यांत. 'जास्त' असेल त्या दिवशी चेंजच्या वेळी त्याला मैदानावर ठेवू नका. पाऊस सुरू होण्याआधी जो वाऱ्याचा पहिला झोत येतो त्यातच हे कण सगळ्यात जास्त असतात, म्हणून थेंब पडायची वाट न बघता, पश्चिमेला आभाळ काळवंडलं आणि उत्तरेचा वारा थांबला की त्याला घरात घ्या, खिडक्या लावा, एसी बाहेरची हवा आत घेत असेल तर तो बंद करा. श्वास लागला, छाती आवळल्यासारखी वाटली किंवा खोकला थांबेना, तर सकाळची वाट न बघता ट्रिपल झिरोला, ००० ला, फोन करा.